खळ वाळेपर्यंत

‘रविवारी काय बोलता ते लिहून कळव. बातम्या नकोत, त्या इथे टीव्हीवर दिवसभर चालूच असतात. कंपाउंडर बायकोच्या शिव्या खातो का, बाई सध्या कुणाच्या मागे लागल्यात, असलं लिही. फोन करू नको. मला ऐकू येत नाही, मग सुनेला सगळं ओरडून सांगावं लागतं.’

वायरमनचं हे पत्र आलं तेव्हा घरोघरी पंखे फिरत होते. आता स्वेटर निघाले होते आणि माझं उत्तर गेलेलं नव्हतं.

आळस केला असं म्हणता येणार नाही. मी खूप लिहिलं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली. दुसऱ्यांच्या ओळीतली चूक मला झोपेतही दिसते. स्वतःची ओळ लिहायची म्हटलं की हात आखडतो. पहिला मसुदा हवापाण्याने सुरू झाला आणि तिथेच राहिला. दुसऱ्याचा मैत्री या विषयावर निबंध झाला. तिसऱ्यात त्याच्या तब्येतीची विचारपूस होती, ती सरकारी चौकशीसारखी वाटायला लागली. सगळे फाडले. रविवारच्या आमच्या गप्पा म्हणजे शेजारपाजार, सुना, गुडघे, मांजरं. त्या का कुठे कागदावर उतरवायच्या? पत्रात काहीतरी असायला हवं, असं मला वाटत होतं.

रविवारी सकाळी आम्ही कंपाउंडरच्या घरामागच्या खोलीत पुस्तकं बांधायला जमत असू. मोफत वाचनालयाची फाटकी पुस्तकं, हौसेचं काम. दाभणाने भोकं पाडायची, पानं शिवायची, पाठीला मैद्याची खळ लावायची आणि पुस्तक शिकंज्यात आवळायचं. त्यानंतर खळ वाळेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. ती वेळ गप्पांची. खळ वाळेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा नियम वायरमनचा. बायको गेल्यापासून त्याला रिकाम्या घरी परतायची घाई नसायची. खळ कडक वाळली तरी तो बोट लावून बघायचा आणि म्हणायचा, “छे, ओली आहे अजून.” आम्हीही कधी तपासून पाहिलं नाही.

मग मुलाने त्याला दूरच्या शहरात नेलं. आम्ही चौघांचे तिघे झालो.

त्या रविवारी मी पोचलो तेव्हा कंपाउंडर आणि बाई यांचं आधीच जुंपलं होतं. बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त शाळेतून, आवाजातून नव्हे.

“खळीचा ब्रश तेलाच्या वाटीत कसा जातो, मी म्हणते?”

“गेला चुकून.”

“आणि वहिनींनी तो पोळ्यांना फिरवला!”

“तेव्हापासून मला घरात कुणी वाढत नाही, बाई. आपलं आपण घ्यायचं.” कंपाउंडरने माझ्याकडे बघितलं. मुद्रितांच्या कामावरून तो मला कानामात्रा म्हणतो. “ये, कानामात्रा. बस. एक चूक तुला तपासायला ठेवलीय.”

त्याने शिकंज्यातून एक जाड पुस्तक काढलं. शिवण सुरेख, कोपरे नेटके. फक्त पुठ्ठा उलटा चिकटवलेला. नाव वाचायचं तर पुस्तक डोक्यावर उभं करावं लागत होतं.

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. “वायरमनची गादी चालवताय वाटतं!”

वायरमनने एकदा शब्दकोश असाच उलटा बांधला होता. वाचनालयाने तो तसाच कपाटात लावला, आणि पोरं त्याला शीर्षासनवाला कोश म्हणायला लागली. आम्ही तिघंही हसलो. मग हसू सगळ्यांचं एकदमच थांबलं.

“काल त्याच्या सुनेचा फोन होता,” कंपाउंडर म्हणाला. “मागच्या आठवड्यात झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं जवळजवळ बंद. वाचताही येत नाही म्हणे, अक्षरं ओळखत नाही.”

बाईंनी चष्मा परत लावला नाही.

“माणसं ओळखतो?”

“कधी हो, कधी नाही. ती एक वेगळंच विचारत होती. म्हणाली, तिकडून कुणाचं पत्र यायचं होतं का? झटका यायच्या आधी रोज पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी जाऊन उभे राहायचे. तो पुढे गेला की आत यायचे. मी म्हटलं, मला काही कल्पना नाही.”

मी दाभण उचललं, खाली ठेवलं. समोर भोक पाडण्यासारखं काही नव्हतं.

बाईंनी चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गातून चोर शोधलेले. “तुम्हाला लिहिलं होतं त्यांनी?”

“हो.”

“मग?”

“लिहितोय.”

“कधीपासून?”

मी खिशातून पत्र काढून टेबलावर ठेवलं. ते मी बरोबर घेऊनच हिंडत होतो. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि बोट समासावर ठेवलं. “हे काय?”

पेन्सिलीच्या खुणा होत्या. पत्र आलं त्या संध्याकाळी वाचता वाचता मी त्यातल्या चुका दुरुस्त केल्या होत्या. हात आपोआप चालला होता. मला स्वतःला ते नंतर, दुसऱ्यांदा वाचताना दिसलं.

“अरे,” कंपाउंडर हळूच म्हणाला, “पत्र लिहायचं होतं, शिलालेख नव्हे.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. मी म्हणालो, “चांगलं लिहावंसं वाटत होतं.”

“त्याने कुठे चांगलं मागितलं होतं?”

बाई उठल्या, त्यांनी वाचनालयाच्या वहीतले कोरे कागद फाडले आणि माझ्यापुढे सरकवले. “लिहा. इथेच. आम्ही बोलतो, तुम्ही उतरवून घ्या. घरी नेलंत तर गेलं.”

“पण त्याला आता वाचता...”

“सून ओरडून वाचून दाखवेल. लिहा.”

मी लिहायला लागलो. सुरुवातीला दोघंही फोटो काढायला बसल्यासारखे ताठ झाले.

“मी सध्या माउथऑर्गन शिकते आहे,” बाई सभेत बोलल्यासारख्या म्हणाल्या.

“हो, आणि शेजारच्यांनी कुत्रं आणलंय, ते पण लिही,” कंपाउंडर म्हणाला. “बाईंनी सूर लावला की ते साथ देतं.”

“सुरात असतं हो ते. तुमच्या टाकीतल्या माशांसारखं मुकाट मरत नाही.”

“मासे कुठले मेले?”

“तीन मेले. वहिनींनी सांगितलं. पाण्यात गोळ्या कोण टाकत होतं?”

“सर्दी वाटत होती मला त्यांना.”

“माशांना!”

मी हसत लिहीत होतो. कोण काय बोललं ते बोललं तसं, अर्धवट वाक्यं अर्धवट ठेवून. ब्रश आणि पोळ्या लिहिल्या, उलटा पुठ्ठा लिहिला. वहिनी चहा घेऊन आल्या. नवऱ्याला कप न देता गेल्या, हेही लिहिलं. कंपाउंडर म्हणाला, “मला चहा मिळाला नाही हे ठळक लिही,” आणि दारामागून वहिनींचा आवाज आला, “वायरमन भावोजींना सांगा, मिळणारही नाही.” तेही.

पानं भरत गेली. एवढं सोपं होतं. हे मी उन्हाळ्यातच, पत्र आल्याच्या पहिल्या रविवारी करू शकलो असतो. त्याने ते फाटकातच उभ्याने फोडलं असतं, स्वतः वाचलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर आलं असतं, त्या वाकड्यातिकड्या अक्षरात. तसलं पत्र आता येणार नव्हतं. माझी पेन्सिल ज्या अक्षरावर फिरली, ते वायरमनचं शेवटचं होतं.

“थांबलात का?” बाईंनी विचारलं.

“माफी मागायची होती. कशी लिहू?”

कंपाउंडर म्हणाला, “सून वाचून दाखवणार. तिच्या तोंडून त्याला माफी कशाला ऐकवतोस? माशांचं ऐकू दे.”

मी माफी लिहिली नाही. शेवटी नुसतं लिहिलं, ‘पुढच्या रविवारचं पुढच्या पत्रात.’ एकदा वरून खालपर्यंत नजर फिरवावी म्हणून पानं जुळवली, तर बाईंनी ती हातातून काढून घेतली, पाकिटात घातली, कंपाउंडरने वाटीतली खळ बोटाने पाकिटाला लावली आणि तळव्याने दाबून धरलं.

चौकातल्या टपालपेटीपर्यंत मी एकटाच गेलो. रविवार असल्याने दुकानं अर्धी बंद होती. पेटीच्या तोंडाशी पत्ता पुन्हा वाचला. पाकिटाची कड अजून ओलसर होती आणि माझ्या अंगठ्याला चिकटत होती. मी हात मनगटापर्यंत आत घातला आणि बोटं सोडली.

हल्ली पत्रं टाकतं कोण? पेटी रिकामीच असावी. पाकीट थेट तळाशी जाऊन पडलं, आणि पडल्याचा आवाज मला बाहेर स्पष्ट ऐकू आला.