घुंगरांची टोपी

सत्त्याण्णव साली आमच्या महेकला शाळेच्या नाटकात विदूषकाचं काम मिळालं. जुन्या इंग्रजी नाटकांत म्हणे टोपी घातलेल्या विदूषकाने राजालाही मूर्ख ठरवलं तरी चालतं. टोपीला घुंगरं मी शिवली.

संध्याकाळी तिचे अब्बा मस्कतच्या गाला भागातल्या गॅरेजमधून आले, तशी ती टोपी घालून समोर उभी राहिली. एरवी तिचं मराठी अडखळतं. त्या दिवशी नाही. गॅरेजात मालकाला हाक मारतात तसं तिने विचारलं, “अर्बाब, तुम्ही मस्कतला कशासाठी राबता?”

“घरासाठी,” हे हसून म्हणाले.

“घर कुठे आहे?”

“दापोलीला. दोन मजली बांधलंय.”

“तिथे कोण राहतं?”

“कोणी नाही. कुलूप आहे.”

“म्हणजे तुम्ही कुलपासाठी राबता. मग मूर्ख कोण, मी की तुम्ही?”

हे खो खो हसले. डोळे पुसून त्यांनी तिला जवळ घेतलं.

माझा मात्र संताप झाला. हेच मी इतकी वर्षं सांगतेय, तर ती कटकट!

महेक टोपी काढू लागली.

“ती इकडे दे,” मी म्हटलं. “मलाही बोलायचंय.”