क्विंटलचा नवस

दैवशालाचा वजनाचा बार पंच्याण्णव किलोवर अडला होता, आणि अडला म्हणजे रुसलेल्या जावयासारखा अडला होता. राजूरच्या गणपतीसमोर पेढे-मोदकांचं दुकान चालवणारी ही चाळिशी ओलांडलेली बाई. साखरेचे कट्टे उचलता उचलता तिला ताकदीची चटक लागली आणि ती बुद्धभूषणच्या जिममध्ये पोचली. पत्र्याचं शेड, गंजक्या प्लेटा, पण बुद्धभूषण शिकवायचा मन लावून. जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायचं, याला तिथं डेडलिफ्ट म्हणत. वर्षभरात ती पंच्याण्णव किलोपर्यंत गेली. पुढं क्विंटल लावलं की बार गुडघ्याशी येई आणि थांबे.

क्विंटलशिवाय तर भागणार नव्हतं. जालन्याला चाळिशीवरच्या बायांची निवड चाचणी होती, आणि क्विंटल उचलणारीलाच राज्याच्या स्पर्धेला पाठवणार होते. जिममधला कारभारी नावाचा गडी मिशीत हसून म्हणायचा, "वहिनी, क्विंटल गड्याचं काम हाय. बाईचं गणित पंच्याण्णवला संपतं."

दैवशालाला राग आला की ती देवाला वेठीला धरायची. ती नवस बोलली, क्विंटल उचलेपर्यंत मंगळवारचा कडक उपास. बार हलला नाही, तेव्हा सोमवार जोडला. मग एकादशी. बार जितका अडे, तितके उपास वाढत गेले. पाय लटपटायला लागले तरी तिला वाटे, देव परीक्षा बघतोय. सासू पुष्पाबाई मात्र खूश होती. सून वजनं उचलते याची तिला लाज वाटायची, पण उपास करते हे ती गावभर सांगत फिरायची.

एका मंगळवारी बार हातातून सुटला आणि दैवशाला मटकन खाली बसली. बुद्धभूषणनं पाणी दिलं.

"ताई, आज काय खाल्लं?"

"आज मंगळवार हाय ना."

"अन् काल?"

"काल सोमवार."

त्यानं कपाळाला हात लावला. बोलायचं खूप होतं, पण तो जपून बोलला. "ताई, तुमच्या देवाच्या मधात मी पडलो तर गाव माझं शेड ठेवायचं न्हाई. एवढंच सांगतो. दोन आठवडे हलकं वजन घ्या, झोप घ्या, अन् पोटभर जेवा. उपाशी अंगात ताकद येणार कुठून? बाकी तुम्ही ठरवा."

दैवशाला तणतणत दुकानात आली. राग बुद्धभूषणचा नव्हता, स्वतःचाच होता. ती मोदक वळायला बसली आणि वळता वळता तिचा हात थांबला. ज्याच्या नावानं आपण उपाशी, त्याच्याचसाठी आपण दिवसभर मोदक वळतोय. त्यानं खायचं आणि आपण वास घ्यायचा, हा कुठला न्याय?

ती तशीच उठली, देवळात गेली आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाली, "बाप्पा, तुझं पोट बघ अन् माझं बघ. तू कधी उपाशी राह्यलास? आजपासून मी जेवूनच उचलणार. राग आला तर माझ्यावर काढ, बारवर काढू नको."

पुजारी आ वासून बघत राहिला.

परत येऊन तिनं दुकानाच्या ओट्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, पिठलं-भाकरीचं ताट घेतलं. घरात बसून खाल्लं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, पण चोरून जेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. नवरा राधेश्याम मान खाली घालून तराजू पुसायला लागला. पुष्पाबाईच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"देवाचा नवस मोडलास! आता उचलूनच दाखव. जालन्यात क्विंटल उचललं न्हाई, तर त्या शेडात परत पाऊल टाकायचं न्हाई."

"बराबर," दैवशाला घास चावत म्हणाली. "न्हाई उचललं तर वजन उचलताना बांधायचा कमरेचा पट्टा चुलीत घालते."

बोलून गेली खरी, पण त्या शेडातला तास सोडला तर तिच्या दिवसातलं काहीच तिचं नव्हतं.

मग ती जेवली. सोमवारी जेवली, मंगळवारी जेवली, एकादशीला तर उसळीवर दूध प्यायली. आधी हलकं वजन, तेव्हा कारभारी म्हणाला, "वहिनी उलट्या चालून राह्यल्या." तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हळूहळू प्लेटा चढल्या, झोप लागायला लागली, पाय रोवून उभे राहायला लागले. पण क्विंटल बुद्धभूषणनं शेडात लावूच दिलं नाही. "ते जालन्यात," म्हणाला.

चाचणी आली नेमकी अंगारकीला. संकष्टी मंगळवारी आली की राजुरात मुंगीला शिरायला जागा नसते. चंद्र निघेपर्यंत सगळं गाव उपाशी, आणि दुकानाचा खरा धंदा त्याच दिवशी. त्या सकाळी दैवशालानं ओट्यावर बसून दोन भाकरी खाल्ल्या, "दुकान तुम्ही पाहा," असं राधेश्यामला सांगितलं आणि दर्शनाला येणाऱ्या गर्दीतून उलटी वाट काढत जालन्याची जीप धरली. अनवाणी आलेल्या बाया तिच्या बुटांकडं बघत होत्या. बघू देत, म्हणाली ती मनात.

जालन्यात बारला क्विंटल लागलं. तिनं पकड घेतली, श्वास भरला. बार जमिनीवरून सुटला, गुडघ्याशी आला आणि थांबला. नेहमीची जागा. कारभारीचं गणित आठवलं, चुलीतला पट्टा आठवला.

"मी जेवून आलेय रे," ती दातओठ खात बारला म्हणाली, आणि ताठ उभी राहिली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा दुकानासमोर रेटारेटी चालू होती. पुष्पाबाई ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. दर अंगारकीला संध्याकाळी तिला भोवळ यायची. इतकी वर्षं यायची की घरात कुणी विचारायचंही नाही.

"उचललं?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"क्विंटल. अन् वरून अडीच किलो."

दैवशालाला सपाटून भूक लागली होती. ती तिथंच ताट वाढून घेऊन बसली. सासूनं डोळे उघडले, ताटाकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं, मग आभाळाकडं. चंद्र निघायला वेळ होता.

"मलाबी वाढ," पुष्पाबाई म्हणाली.

"इथं ओट्यावर? लोकं बघतील, आत्याबाई."

"बघू दे."