ओट्यापासून तळं

घराचं नूतनीकरण ठरलं, तेव्हा सासूबाई अडून बसल्या. "सगळं घर उलटंपालटं करा, पण माझ्या स्वयंपाकघराला हात लावायचा नाही."

सुनेने वाद घातला नाही. तिने बैठकीच्या फरशीवर खडूने नवं स्वयंपाकघर आखलं आणि सासूबाईंना त्यात उभं केलं. त्या आधी हसल्या, मग खडूच्या ओट्यापाशी खरंच वावरू लागल्या. शेवटी म्हणाल्या, "ऐसपैस आहे गं. पाडा ती बैठकीकडची भिंत."

गवंड्याने घण घातला, भिंत कोसळली. धुरळा खाली बसला तेव्हा संध्याकाळ झाली होती. सासूबाई जुन्या ओट्यापाशी आल्या आणि थबकल्या. बैठकीच्या खिडकीतून अख्खं तळं दिसत होतं, मावळत्या उन्हात पेटल्यासारखं.

"अगं बाई! हे असं दिसतं?"

"आहे तेच तळं," सासरे म्हणाले. "मी रोज बघतो."

"तुम्ही बघता हो. या वेळी मी भिंतीकडे तोंड करून कणीक मळत असते."

सासरे विटांवरून वाट काढत सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पाणी काळंभोर होईपर्यंत दोघं तिथून हलले नाहीत.