सहा उंदरांच्या दाढा

दाताच्या टणक कवचाच्या आत मऊ गर असतो. तो उघडा पडून सुजला की भलाभला माणूसही गाल धरून बसतो. हा गर काढून न टाकता बरा करता येईल का, ते बोदवडची दिपमाला धुळ्याच्या दंत महाविद्यालयात शोधत होती. उंदराच्या दाढेतला गर आपल्यासारखाच सुजतो आणि तसाच भरून यायला बघतो. म्हणून नवं औषध आधी तिथे लावायचं.

पण बारा उंदीर वाया गेले होते. भूल देऊन, भिंगाखाली, इवल्याशा दाढेत औषध लावून तिने वर सिमेंट भरलं, तरी आठवड्यात ते गळून पडे, जंतू शिरत, गर सडे. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीने आणखी सहाच उंदीर दिले. वर बजावलं, "यापुढे एकही नाही."

पिंजऱ्यांपुढे ती हिरमुसून उभी राहिली. प्राणिगृह सांभाळणारी कोकिळाअक्का केर काढत होती.

"ताई, मी दाढ भरीसन उनू, नि त्याच दिन फुटाना खादा. भरेल बठ्ठं हातमा उनं! आनि तू? दाढ भरस, नि लगेच ह्या खडा खावाले देस."

दिपमालाने खाद्याची गोळी नखाने दाबली. खरंच खडा! म्हणजे भरलेलं सिमेंट यानेच निघत होतं.

"पण अक्का, मऊच दिलं तर यांचे पुढचे दात वाढत जातात. तोंड मिटत नाही मग."

"पुढला दात कुरतडाले, मांगली दाढ दळाले. कुरतडाले लाकूड दे, खावाले भिजाडेल गोळ्या. इतली शिकनी तू, नि हाई समजनं नही?"

दिपमाला हसत सुटली. खाणं बदलायला समितीची परवानगी मिळाली. अक्का रोज दोनदा गोळ्या भिजवी, आंबलेलं फेकून देई, प्रत्येक उंदराचं वजन टिपून ठेवी. चार आठवडे झाले, एकही सिमेंट हललं नाही. मग दाढा तपासण्यासाठी उंदरांना वेदना न होता कायमचं झोपवलं. त्या दिवशी अक्काने रिकामे पिंजरे दोनदा धुतले.

दाढांचे पातळ काप काचपट्ट्यांवर चढले. प्रत्येक उंदराच्या एका बाजूच्या दाढेत नवं औषध होतं, दुसऱ्या बाजूच्या दाढेत जुनं. कोणतं कुठे, ते बंद पाकिटात. पट्ट्यांवर नुसते आकडे. त्या घेऊन दिपमाला जळगावला, असे काप तपासणाऱ्या डॉ. प्रियल यांच्याकडे गेली. त्यांनी एकेक पट्टी निवांत पाहिली.

"पाच उंदरांत एकेका दाढेतली सूज ओसरलीय. उघड्या गरावर दाताचा नवा, अख्खा थर चढलाय. बघ तरी!"

पाकीट फोडलं. पाचही दाढा नव्या औषधाच्या!

जिना उतरता उतरता तिने फोन लावला. "अक्का, पाच! पाच बऱ्या झाल्या!"

"नि सहावी?"

"तिच्यात थर अर्धाच आलाय. थोडी सूज आहे."

"मंग तेबी लिख. तोबी जीवच व्हता."

"लिहिते, अक्का. सहाच्या सहा लिहिते!" असं म्हणत दिपमाला भर रस्त्यात अशी खळखळून हसली, की कडेला बसलेल्या फुलवाल्याने न विचारताच तिच्या हातात गजरा ठेवला.