बाराशेचा ओरखडा

पंख्याची पाती जेमतेम हलली होती, तोच त्यानं मान वर न करता डावा हात लांबवला आणि बटण बंद केलं.

"आत्ताच तर लावला होता," बायको म्हणाली.

"पात्यांवर धूळ आहे. खाली पडली तर ह्याच्यावर पडेल."

'ह्याच्यावर' म्हणजे टेबलावरच्या तळहाताएवढ्या पोलादी चकतीवर. चष्म्याची भिंगं ओतायच्या साच्याचा तो तळ होता. साच्यावर एक ओरखडा राहिला की पुढच्या प्रत्येक भिंगावर तो उमटणार, म्हणून तळ आरशासारखा लखलखीत हवा. कारखान्यात सगळीकडे लोखंडाचा भुगा उडतो, त्यामुळे असलं नाजूक पॉलिश तो घरी आणून करायचा. तिथे त्याचं नावच 'आरसा' पडलं होतं. निम्मं कौतुकानं, निम्मं यासाठी की समोरचा हसल्याशिवाय हा कधी हसत नाही.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, बंद खिडकीखाली, खाटेवर त्याचे वडील तीन उशांना टेकून बसले होते. अण्णांना आडवं झालं की धाप लागायची. बसलं तरी लागायचीच, पण जरा कमी. घरात पंखा हा एकच, आणि शेजारच्या स्वयंपाकघरात खाट मावत नव्हती. सकाळपासून घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"दोन मिनिटं लाव रे," अण्णा म्हणाले. एवढं बोलायला त्यांना मध्ये थांबावं लागलं.

"पाच वाजता कारखान्याचा माणूस न्यायला येणारेय. मग हवा तेवढा लावा."

"खिडकी तरी."

"खिडकी बंद, पंखा बंद, तोंड बंद. तुम्हीच शिकवलंत ना?"

अण्णांनी शिकवलं होतं खरंच. याच टेबलावर त्यांनी चाळीस वर्षं पॉलिश केलं होतं. काम चालू असताना पोरानं खाटेवर बसायचं, हात मांडीवर, हूं की चूं करायचं नाही. एकदा तो शिंकला, तर अण्णांनी दोरीवरचा कपड्याचा चिमटा काढून त्याच्या नाकाला लावला आणि दिवेलागणीपर्यंत तसंच बसवलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ही गंमत त्यानं बायकोला हसत हसत सांगितली होती. तिला हसू आलं नव्हतं.

तिनं टॉवेल भिजवून आणला आणि अण्णांच्या मानेवर ठेवला. मग एक पुठ्ठा उचलला.

"वारा घालू नकोस," तो म्हणाला.

"पुठ्ठ्यानंसुद्धा नको?"

"नको म्हटलं ना."

"अहो, माणूस आहेत ते. त्यांना श्वास लागतो."

"मलाही लागायचा."

हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. तिनं पुठ्ठा खाली ठेवला आणि अण्णांची पाठ चोळत बसली. हाताखाली बरगड्या वरखाली होत होत्या. छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येत होता आणि टेबलावर कापडाचा बोळा गोल गोल फिरत होता. त्या दोन आवाजांत तिचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

चारच्या सुमारास त्यानं चकती कापसानं पुसली. त्याचं तोंड तिच्यात नाकावरच्या घामाच्या थेंबासकट दिसलं. आता शेवटची परीक्षा राहिली होती. तीही अण्णांनीच शिकवलेली. डोळ्याला स्वच्छ दिसणाऱ्या तुकड्यावर तोंड उघडून हळूच वाफ सोडायची; वाफ धरते तेवढ्यात लपलेला ओरखडा उघडा पडतो. शेवटी लावलेल्या पॉलिशच्या पेस्टचा निघाला तर दहा मिनिटांत जातो. पण पेस्टच्या आधी घासलेल्या बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरचा निघाला, तर पुन्हा पेपरापासून सुरुवात, म्हणजे आणखी चार तास.

त्यानं चकती तोंडाजवळ नेली.

"अहो! अण्णांना बघा काय झालं!"

अण्णांची मान खांद्यावर कलली होती. तोंड अर्धवट उघडं, ओठ राखेच्या रंगाचे. शीळ थांबली होती. तिनं त्यांच्या छातीवर हात ठेवला, पण काही कळेना. तो चकती हातात घेऊनच आला आणि ती त्यानं वडिलांच्या नाकाखाली धरली. निदान एवढं तरी त्याला सुचलं, असं तिला वाटलं.

चकतीवर रुपयाएवढी वाफ धरली.

"आहेत! आहेत हो!" ती रडू लागली. तशीच उठून तिनं धाडकन खिडकी उघडली, धावत जाऊन पंखा लावला.

तो वडिलांकडे बघत नव्हता. त्यानं चकती उजेडात तिरपी केली होती. वाफ विरली, तशी त्यानं ती पुन्हा वडिलांच्या नाकाखाली नेली.

"पुन्हा कशाला? श्वास चालू आहे ना?"

त्यानं चकती पुन्हा उजेडात तिरपी केली. मग तिलाही दिसलं. वाफेत केसाएवढी एक रेघ होती.

वारा लागला तसे अण्णांनी डोळे उघडले. समोर मुलाचा चेहरा होता आणि त्याच्या अलीकडे चकती. त्यांनी चकतीकडे पाहिलं. कष्टानं छाती भरून घेतली, तोंड उघडलं आणि सावकाश वाफ सोडली. चकती काठापर्यंत पांढरी झाली.

"बाराशेचा," अण्णा म्हणाले.

"पेस्टचा असेल."

"बाराशेचा. घाई केलीस."

गेल्या कित्येक महिन्यांत तिनं अण्णांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. मुलाचे कान लाल झाले होते. तो टेबलाशी गेला, खण उघडून त्यानं पॉलिश पेपर काढला, पाण्यात बुडवला आणि वर पंख्याकडे पाहिलं.

ती बटणाला पाठ लावून उभी राहिली.

"नाही बंद करू देणार," ती म्हणाली. "काय करायचं ते करा."

तो उठलाच होता. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"सूनबाई, बंद कर तो. धूळ पडेल कामावर."

तिनं वळून पाहिलं. अण्णांनी खिडकीकडे बोट केलं.

"ती पण," ते म्हणाले, आणि मुलाचे हात नीट दिसावेत म्हणून उशांवरून थोडे पुढे सरकून बसले.