शेवटचा काढलात का?

मित्रांनो, मी एक जुना झोन मॉड्यूल आहे. नाव ऐकून दचकू नका. मी तळहाताएवढा पांढरा डबा आहे आणि एका इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या भिंतीवर बसलो आहे. तुम्ही माझ्यासमोरून दहा वेळा गेलात तरी तुमचं लक्ष जाणार नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

माझं काम सोपं आहे. मजल्याच्या छताला धूर ओळखणारे गोल डिटेक्टर असतात. माझ्यापासून एक तार निघते आणि त्या सगळ्यांना ओवत टोकापर्यंत जाते. तळमजल्यावर पॅनल नावाची मोठी पेटी आहे. ती दर काही क्षणांनी मला विचारते, "एकवीस, ठीक?" डिटेक्टरला धूर दिसला तर मी "आग" म्हणतो. तार तुटली तर "बिघाड" म्हणतो. एरवी "ठीक". मला डोळे नाहीत, नाकही नाही. ऐकू तेवढं येतं. बाकी तार सांगेल ते आणि लोकांच्या बोलण्यातून कानावर येईल ते, एवढंच मला कळतं.

तार शाबूत आहे हे कसं कळतं? शेवटच्या डिटेक्टरच्या बुडाशी दाण्याएवढा रेझिस्टर जोडलेला असतो. त्याच्यातून थोडीशी वीज फिरून माझ्याकडे परत येते. ती आली की समजायचं, टोकापर्यंत सगळं जोडलेलं आहे. म्हणून तो रेझिस्टर टोकालाच हवा. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. हिरव्या पट्टीवर बारीक सुटे भाग बसवले, तपासलं, शिक्का मारला आणि खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते वायरवाल्या काकांनी. ते आणि काकू मिळून काम करायचे. काका शिडीवर, काकू खाली. काकांना बारीक आकडे दिसत नसत. माझ्या पोटात दोन छोट्या चकत्या आहेत, त्या फिरवून माझा नंबर ठरतो. काकांनी स्क्रू ड्रायव्हरने चकती फिरवली आणि विचारलं, "दोनवर आली का गं?"

"तीनवर नेलीत. मागे घ्या. हां, आता दोन. दुसरी एकवर."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर. तुमच्या भरवशावर राहिलं तर आग तिसऱ्या मजल्यावर आणि बंब पहिल्या मजल्यावर."

काका हसले. असा मी एकवीस नंबरचा झालो. काकूंनी खाली जाऊन पॅनलमध्ये माझं नाव घातलं, "तिसरा मजला, उजवी बाजू". मग चाचणी सुरू झाली. काका एकेक डिटेक्टर फिरवून काढायचे. तार तुटायची, मी "बिघाड" म्हणायचो, पॅनल वाजायचं आणि जिन्याच्या पोकळीतून काकूंचा आवाज वर यायचा, "आलं हो." पाच डिटेक्टर झाले.

"शेवटचा काढलात का?" काकूंनी खालून विचारलं.

"पाच बरोबर आले, सहावाही असणारच."

"असणारच म्हणजे काय? काढा."

काकांनी काढला. "आलं हो," काकू म्हणाल्या.

त्यांची आणखी एक रीत होती. काम चालू असताना तार उघडी राहते आणि पॅनल सारखं कोकलत राहतं. ते गप्प करायला काका कधी कधी एक जादा रेझिस्टर थेट माझ्याच पायांशी, म्हणजे तार जिथून निघते तिथे, अडकवत. मग मला वाटतं, टोक इथेच आहे, आणि मी "ठीक" म्हणत बसतो. पुढे तार असो वा नसो. हे किती धोक्याचं आहे ते काकूंना माहीत होतं. म्हणून काका तो जादा रेझिस्टर लावायला लागले की काकू माझं झाकण काढून आपल्या पिशवीत टाकत आणि खाली घेऊन जात. काकांनी रेझिस्टर काढून त्यांच्या हातात ठेवला तरच झाकण परत. "उगाच ओझं," काका कुरकुरत. पण अनेक वर्षांत ही रीत एकदाही चुकली नाही.

मग एक वर्ष असं आलं की काका एकटेच आले.

त्या दिवशी मजल्याच्या टोकाला नवी भिंत घालून गाद्या-चादरींची खोली केली होती. तिच्यात तीन नवे डिटेक्टर बसवून माझी तार तिथवर न्यायची होती. दुपारी तीनला नऊ आजारी म्हातारी माणसं या मजल्यावर हलवायची होती. त्यांच्यातलं कुणीही आपलं आपण उठून चालू शकत नव्हतं. इस्पितळाचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, ते सकाळपासून वरखाली करत होते.

"कसे आहात काका? काकूंचं कळलं. वाईट झालं."

"ठीक आहे," काका म्हणाले.

"एकटे करताय? जमेल ना?"

"ठीक आहे."

काकांनी खोलीतले डिटेक्टर बसवले. आधी जो डिटेक्टर शेवटचा होता, त्याच्या बुडाचा रेझिस्टर काढून खिशात ठेवला. तो आता नव्या टोकाला लावायचा होता. मग खोलीची तार जोडायला व्हरांड्याच्या छतातला जोड उघडला. रेझिस्टर निघाल्यापासून खाली पॅनल ओरडतच होतं. साहेबांनी जिन्यातून हाक मारली, "काका, तेवढं बंद करा हो, फोनवर बोलता येत नाही."

काकांनी माझं झाकण काढलं आणि जादा रेझिस्टर माझ्या पायांशी अडकवला. मी "ठीक" म्हणालो. पॅनल गप्प झालं. काकांनी सवयीने जिन्याकडे वळून विचारलं, "बंद झालं का गं?"

खालून कुणी उत्तर दिलं नाही.

काका शिडीवर तसेच उभे राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्या वेळात पॅनलने मला पुष्कळदा विचारलं आणि मी पुष्कळदा "ठीक" म्हणालो. झाकण काकांच्याच हातात होतं. ते घ्यायला खाली कुणी नव्हतं. शेवटी त्यांच्या हाताने ते माझ्यावर बसवून टाकलं.

"काका, छत बंद करू का?" सुताराने विचारलं.

"करा," काका म्हणाले.

साहेबांनी कागद पुढे केला. पॅनलवर हिरवा दिवा होता. काकांनी सही केली आणि हत्यारांची पिशवी उचलून ते गेले.

मित्रांनो, त्यानंतरचे तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट तास होते. पुढचा जोड उघडा होता. नव्या खोलीतले तिन्ही डिटेक्टर नुसते छताला चिकटवल्यासारखे होते. तीन वाजता खाटा आल्या. चाकांचे आवाज, कण्हण्याचे आवाज. "मावशी, इकडे या, आजींना धरा," अशी कुणीतरी हाक मारली. चादरींचं काम बघणाऱ्या मावशी नव्या खोलीत इस्त्री करत होत्या. त्या हातातलं टाकून धावल्या. दार लागल्याचा आवाज आला. इस्त्रीचं बटण बंद केल्याचा आवाज काही मी ऐकला नाही.

पॅनल विचारत होतं, "एकवीस, ठीक?"

मी म्हणत होतो, "ठीक."

मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. चार वाजले. साडेचार. नऊ माणसं अंथरुणाला खिळलेली आणि त्यांच्या भिंतीपलीकडे अशी खोली, जिच्यातलं मला काहीच कळत नव्हतं.

पाचच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. धापा टाकत काका वर आले. मागून साहेब.

"अहो काका, झालं काय? सही करून गेलात ना?"

काकांनी खिशातून रेझिस्टर काढून दाखवला. "घरी पोचून चष्मा काढायला खिशात हात घातला, तर हा बोटाला टोचला. हा टोकाला असायला हवा होता. माझ्या खिशात आहे."

"पण पॅनल तर हिरवं आहे."

"खोटं हिरवं आहे. मी केलंय. चूक माझी आहे, तसं लिहून देतो. आधी शिडी धरा."

त्यांनी माझं झाकण उघडलं आणि पायांशी अडकवलेला तुकडा ओढून काढला. मी जन्मात इतक्या आनंदाने "बिघाड" म्हणालो नव्हतो. खाली पॅनल ओरडू लागलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

काका व्हरांड्यातल्या शिडीवर चढले. छताची फळी सरकवली, जोड शोधला आणि तारा पिळून एकत्र केल्या. आता खरं तर मी "बिघाड" असंच म्हणत राहायला हवं होतं, कारण टोकाचा रेझिस्टर अजून काकांच्या खिशातच होता. पण दोन-तीन श्वास गेले आणि तारेतून असा जोराचा धक्का आला की मी ओरडलो, "आग."

सगळ्या मजल्यावर भोंगे वाजू लागले.

"काका, चाचणी नंतर करा. आजी-आजोबा घाबरतील," साहेब म्हणाले.

काका शिडीवर गोठले होते. "साहेब, मी अजून चाचणी सुरूच केली नाही," ते हळू म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले, "खोली उघडा. खाटा हलवा. ही चाचणी नाही."

दार उघडलं तेव्हा मावशींची किंकाळी ऐकू आली. इस्त्रीखालची चादर जळून गादीला आग लागली होती. परिचारिकांनी एकामागून एक खाटा जिन्यापलीकडे ढकलल्या. वॉर्डबॉयने लाल नळकांडं आणून फवारलं. दोन गाद्या आणि चादरींचा एक गठ्ठा जळाला. माणसं नऊच्या नऊ सुखरूप राहिली. त्यांतल्या एक आजी नंतर तक्रार करत होत्या, की माझी उशी तिकडेच राहिली.

धूर निघून गेल्यावर मावशी रडत होत्या. "माझ्यामुळे झालं," त्या म्हणाल्या.

"तुमच्या आधी माझ्यामुळे," काका म्हणाले. "आता रडू नका, काम आहे. हे झाकण घ्या."

"याचं काय करू?"

"खाली घेऊन जा. पॅनलपाशी उभ्या राहा. मी एकेक डिटेक्टर काढीन, वाजलं की 'आलं' म्हणा. आणि सगळं झालं की मला विचारा, शेवटचा काढलात का."

"तुम्हालाच माहीत असेल ना ते?"

"माहीत असतं. तरी विचारा."

काकांनी टोकाला रेझिस्टर लावला. धुराने काळा झालेला एक डिटेक्टर बदलला. मग एकेक काढत गेले आणि खालून मावशींचा रडवेला आवाज येत राहिला, "आलं... आलं..." नऊ वेळा आला. मग त्यांनी विचारलं, "काका, शेवटचा काढलात का?"

काका पुन्हा शिडीची एक पायरी चढले. मग म्हणाले, "काढला. थांबा, पुन्हा काढतो."

आणि त्यांनी तो पुन्हा काढला.

मित्रांनो, या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. काका आता येत नाहीत. माझा रंग पिवळा पडला आहे आणि लवकरच माझ्या जागी नवा येईल. नवे कारागीर आले की मावशी आधी माझं झाकण काढून घेतात. कारागीर हसतात. मावशी ऐकत नाहीत.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. त्या दिवशी सकाळी काका दोनदा "ठीक आहे" म्हणाले होते आणि साहेब पुढे निघून गेले. दिवसभर मीही "ठीक" म्हणत राहिलो आणि पॅनलने मान्य केलं. तुमच्या घरात, शेजारात कुणी एकटं उरलं असेल आणि विचारल्यावर "ठीक आहे" म्हणत असेल, तर लगेच वळून जाऊ नका. थोडा वेळ खाली उभे राहा आणि आणखी एकदा विचारा.