घरट्याखालची दिवाळी पहाट

मित्रांनो, माझा जन्म काही बड्या कारखान्यात झाला नाही. दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या एका दुकानात, २००३ साली, एका खोक्यात एकेक भाग बसवून मला उभं केलं. पडदा एका दुकानातला, कीबोर्ड दुसऱ्या दुकानातला. पण माझा सीडीचा ट्रे मात्र पद्माकरकाकांनी चार दुकानं फिरून पारखून घेतला होता. बटण दाबलं की तो असा अलगद बाहेर यायचा की बघणारा म्हणायचा, वा! आता माझा पांढरा रंग पिवळा पडलाय, पंखा घरघरतो आणि ट्रे कधीकधी अडकतो. म्हाताऱ्याने आपल्या तरुणपणाची बढाई मारायची नाही तर कोणी मारायची?

पद्माकरकाका फरीदाबादच्या ट्रॅक्टर कारखान्यात इंजिनियर होते. शुभदाकाकू त्यांच्या पत्नी. घरी येणारे सगळे त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. काकूंचा गळा फार गोड होता. फरीदाबादचं मराठी मंडळ दर वर्षी सेक्टरच्या बागेत दिवाळी पहाट करायचं. थंडी, शाली, चिवड्याच्या पुड्या, आणि पहिलं गाणं काकूंचं, हा ठरलेला क्रम होता. काका माईक लावायचे, कार्यक्रम टेपवर घ्यायचे आणि भाऊबीज झाली की माझ्यासमोर बसून त्याची सीडी बनवायचे. सीडीवर मार्करने फक्त वर्ष लिहायचे. २००३, २००४, असं. गाण्यांची नावं लिहायला त्यांना कधी सवड झाली नाही.

अशा सहा सीड्या झाल्या. मग २००९ च्या पावसाळ्यात काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव वाचला, पण आवाज कायमचा घोगरा झाला. त्या दिवाळीत काकू श्रोत्यांत बसल्या. काकांनी सवयीने सातवी सीडी केली. तिच्यात काकू नव्हत्या. त्यानंतर काकांनी माईकला हात लावला नाही आणि काकूंनी घरात साधी ओळसुद्धा गुणगुणली नाही. मी त्याच खोलीत होतो ना, मला ते फार जाणवायचं.

वर्षं गेली. गेल्या एप्रिलमध्ये ठरलं की फरीदाबादचं घर सोडायचं आणि लेकीकडे, देविकाकडे, गुरुग्रामला राहायला जायचं. देविकाचा फ्लॅट एकोणिसाव्या मजल्यावर, आणि काकांच्या सीड्या तीनशेच्या वर!

"बाबा, यार, आजकाल सीडी कोण ठेवतं?" देविका म्हणाली. "सगळं कॉम्प्युटरवर कॉपी करा आणि डबे काढून टाका."

घरात सीडी वाचू शकणारा मी एकटाच उरलो होतो. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ माझा ट्रे आत-बाहेर होत होता. काय सांगू तुम्हाला, इतकं मोलाचं काम मला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं! बाजारातल्या सीड्यांचं सोपं असतं. मी त्यांची नावं इंटरनेटवरून शोधून आणतो. एकच गाणं दोन-तीन संग्रहांत असलं तर मी विचारतो, "या नावाची फाईल आधीच आहे. बदलू का?" काका दाबायचे, "सर्वांना हो." ते बरोबरच होतं. पण त्या बटणाची त्यांच्या बोटाला सवय लागली.

शेवटच्या दिवशी, सामान नेणारी माणसं दारात उभी असताना, काकांनी दिवाळी पहाटच्या सात सीड्या काढल्या. 'शुभदाची गाणी' असा एक फोल्डर केला आणि पहिली सीडी घातली. आता घरी बनवलेल्या सीडीवर नावं कुठून येणार? मी आपलं लिहिलं, ट्रॅक १, ट्रॅक २. दुसरी सीडी आली. तिच्यातही ट्रॅक १, ट्रॅक २. मी विचारलं, "बदलू का?"

"अहो, चला, गाडी खोळंबलीय," काकूंनी हाक मारली.

"आलो, आलो!" काकांनी न वाचताच दाबलं, "सर्वांना हो."

मी दुसरीने पहिली पुसली. तिसरीने दुसरी. मी दर वेळी विचारलं होतं हो! पण खरं सांगू? चहाला साखर किती हे ज्या सुरात विचारावं, त्याच सुरात घर जाळू का हेही मी विचारतो. मला दुसरा सूर येत नाही. सातव्या सीडीत सगळ्यांत जास्त, चौदा ट्रॅक होते. ते येऊन बसले आणि आधीच्या सहांची एक ओळही उरली नाही. काकांनी चौदा फाईली पाहिल्या, मान डोलावली आणि माझी वायर काढली.

बाजारातल्या सीड्या कव्हरांसकट मंडळाच्या वाचनालयाला गेल्या. बिनकव्हराच्या, घरी बनवलेल्या, तेवढ्या काकांनी बरोबर आणल्या. कशासाठी, ऐका. गुरुग्रामच्या उंच इमारतींत माणसांपेक्षा कबुतरं जास्त, आणि बाल्कनीत चकाकत्या सीड्या टांगल्या की ती घाबरून पळतात असं तिथे घरोघरी सांगतात. काकांनी सुतळीत सीड्या ओवून माळ केली आणि बाल्कनीत टांगली. कबुतरं दोन दिवस घाबरली. तिसऱ्या दिवशी माळेखालीच बसून घुमायला लागली! पुढे एका धुळीच्या वादळात माळ एका टोकाला सुटली, ती काकांनी परत बांधली.

मे महिन्यात देविकाच्या लेकीला, मयुराला, सुट्टी लागली. ती सात वर्षांची. एका दुपारी ती काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजी, तू मेरेको झूठ नाही ना बोलत? मम्मा म्हणते तू स्टेजवर गाणं गायचीस. पण तुझा आवाज तर असा खर्रखर्र आहे."

"मयुरा!" देविका ओरडली.

"अगं, असू दे," काकू हसल्या. "ऐकवते तुला. अहो, लावा हो माझी गाणी."

काकांनी मोठ्या ऐटीत फोल्डर उघडला. ट्रॅक १. मंडळाचे अध्यक्ष उल्हास यांचं लांबलचक स्वागत. ट्रॅक २. नीरज नावाच्या मुलाची बासरी. काका पुढे गेले, आणखी पुढे गेले. चौदाच्या चौदा संपले. फोल्डरचं नाव 'शुभदाची गाणी' आणि आत शुभदाच नाही! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मित्रांनो, त्या क्षणी मला कोणी एकोणिसाव्या मजल्यावरून खाली टाकलं असतं तरी मी तक्रार केली नसती.

काकांना चूक समजायला वेळ लागला नाही, शेवटी इंजिनियर माणूस. ते खुर्चीतच बसून राहिले. "शुभदा, मी पुसली गं. माझ्याच हाताने," एवढंच म्हणाले.

"सीड्या आहेत ना बाल्कनीत?" काकू म्हणाल्या.

सगळे बाल्कनीत धावले. पण घरी बनवलेल्या सीडीला ऊन सोसत नाही आणि ती बाल्कनी पश्चिमेची. सुतळीवरून २००३ उतरली, २००४ उतरली. धुऊन, पुसून माझ्या ट्रेवर आल्या. मी जीव तोडून फिरवल्या हो! फिरवतोय, थांबतोय, पुन्हा फिरवतोय. उन्हाने त्यांच्या पोटातलं सगळं उडून गेलं होतं. पाच सीड्या गेल्या. सहावी, २००८ ची, माळेत सापडेचना.

"मिली! मिली!" मयुरा ओरडली. तिने आईच्या फोनचा टॉर्च पाहुण्यांच्या खोलीच्या बंद एसीच्या बाल्कनीतल्या डब्यामागे मारला होता. वादळात सीडी तिथे पडली असणार. सावलीत, भिंतीच्या कोपऱ्यात तिची कड चमकत होती. आणि तिच्यावर चार काड्यांचं घरटं, घरट्यात कबुतराची दोन पिल्लं.

"मी काढतो, एक मिनिटाचं काम आहे," काका म्हणाले आणि स्टूल घ्यायला वळले.

"हात लावायचा नाही," काकू घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पिल्लं उडेपर्यंत कोणी तिकडे जायचं नाही."

"अगं पण तुझा आवाज आहे तो! सीडी आणखी खराब झाली तर?"

"माझा आवाज सोळा वर्षं थांबलाय. त्यांना पंख फुटेपर्यंत थांबेल."

झालं, विषय संपला. जी कबुतरं घालवायला काकांनी गाणी टांगली होती, त्यांच्याच पिल्लांसाठी अख्खं घर दबकत चालू लागलं. काका रोज सकाळी काचेतून बघायचे आणि पुटपुटायचे, "उड रे बाबा, उड एकदाचा." मयुरा कॅलेंडरवर फुल्या मारायची. आणि मी? मी कोपऱ्यात बसून एकच प्रार्थना करत होतो, की देवा, तेवढ्या दिवसासाठी माझा ट्रे चालू दे.

अठराव्या दिवशी घरटं रिकामं झालं. काकांनी सीडी आणली. शीऽऽ, काय तिची अवस्था! काकूंनी ती कोमट पाण्यात बुडवली, भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने धुतली आणि जुन्या सुती साडीच्या तुकड्याने मधून बाहेर अशी पुसली. काकांनी माझं बटण दाबलं. ट्रे अडकला! लाज आणली हो मला. शेवटी काकांनी एक यू-पिन सरळ केली, माझ्या छोट्या भोकात खुपसली आणि मी तोंड उघडलं.

पहिल्यांदा काहीच लागेना. दुसऱ्यांदा नुसती खरखर. मी वेग कमी केला, पुन्हा सुरुवातीपासून चाचपडू लागलो. आणि मग कोणीतरी खोकलं. तरुण पद्माकरकाका म्हणाले, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग." लोक हसले. चिवड्याची पुडी कुरकुरली. आणि काकू गाऊ लागल्या.

एकच गाणं वाचता आलं मला, तेही मध्ये दोनदा अडखळून. पण अख्खं गाणं! देविका रडत होती. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. काकू मात्र शांतपणे ऐकत होत्या, लांबच्या नातलगाचं पत्र ऐकावं तशा.

मयुराने फाईलला स्वतः नाव दिलं. एकेक अक्षर शोधून लिहिलं, "आजी". मग वळून म्हणाली, "चलो आजी, अब तू गा."

"मी? या आवाजात?"

"हां, मग? ती वाली आजी तर मला माहीतच नाही. माझी आजी तर तू आहेस."

काकांनी, सोळा वर्षांनी, माझा जुना माईक काढला, पुसला आणि त्यांच्यासमोर धरला. काकूंनी घसा खाकरला आणि तेच गाणं म्हटलं. सूर खाली, आवाज फाटका, दोनदा श्वास संपला. मी जसंच्या तसं टिपून घेतलं. मयुराने पुन्हा नाव लिहिलं, "आजी".

मी माझ्या त्याच कोरड्या सुरात विचारलं, "या नावाची फाईल आधीच आहे. बदलू का?"

मयुराचं बोट 'हो'कडे निघालं. "थांब!" काका इतक्या जोरात ओरडले की बाल्कनीतली कबुतरं उडाली. "आधी वाच, बाळा. काय विचारतोय ते नीट वाच."

मयुराने अडखळत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, आजीकडे बघितलं, आणि 'नाही' दाबलं. नवीन नाव लिहिलं, "आजी, माझी".

मित्रांनो, मी आता किती दिवस चालेन, सांगता येत नाही. दोन्ही गाणी आता देविकाच्या फोनवर आणि आणखी दोन ठिकाणी आहेत, तेव्हा माझी काळजी नाही. फक्त एवढं करा. तुमच्या माणसांचे आवाज साठवाल तेव्हा त्यांना नावं द्या, नुसतं ट्रॅक १ म्हणून सोडू नका. आणि माझ्यासारखा कोणी "बदलू का?" असं विचारेल, तेव्हा गाडी कितीही खोळंबली असली तरी एकदा वाचा. आम्ही विचारतो खरं, पण काय पुसलं जाणार ते आम्हाला कळत नाही. ते तुम्हालाच कळतं.